भाऊसाहेबांचं डोहाळजेवण

“हा गडी आहे?”

टाकीच्या काचेला नाक लावून सासूबाईंनी विचारलं. विमानातून उतरून त्यांना जेमतेम दोन तास झाले होते. अंगावरची शाल अजून उतरली नव्हती आणि हातातला चहा गार होत होता.

“हो आई, हा नर. पलीकडे गवताला शेपूट गुंडाळून बसलीय ती मादी.”

“मग पोट ह्याला कसं आलंय?”

“दिवस गेलेत त्याला.”

“कुणाला?”

“त्यालाच. समुद्रघोड्यांमध्ये नर गरोदर राहतो. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी देते आणि मोकळी होते. पुढचं सगळं त्यानं निस्तरायचं.”

“आणि ती काय करती मग?”

“रोज सकाळी येते, त्याच्याभोवती एक गिरकी घेते, विचारपूस करते आणि जाते.”

सासूबाईंनी कप टाकीच्या झाकणावर ठेवला, पलंगावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “अगं, माझं सगळं आयुष्य गेलं आणि हे मला आत्ता सांगालीस व्हय?” मग पदरानं डोळे पुसून त्या पुन्हा काचेजवळ गेल्या. “आमच्या भाऊसाहेबांसारखाच चालतोय बघ. पोट पुढं, मान खाली, आणि घाई म्हणून कसली न्हाई.”

भाऊसाहेब म्हणजे त्यांचे थोरले दीर. मी त्यांना फक्त लग्नात पाहिलं होतं, पण चाल लगेच पटली. त्या दिवसापासून आमचा नर भाऊसाहेब झाला आणि मादी ओघानंच वहिनी.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही ऑस्ट्रेलियात जिलाँगला राहायचो. मेलबर्नपासून तासाभरावरचं, खाडीच्या काठचं गाव. तिथल्या समुद्रात मोठ्या पोटाचे घोडे सापडतात, वीतभर लांब. आमची जोडी मात्र मत्स्यशेतीत वाढवलेली, दुकानातून रीतसर विकत आणलेली. त्यांना थंड पाणी लागतं, म्हणून टाकीला पाणी गार करणारं यंत्र जोडलेलं. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की माणसांना टेबलफॅन आणि घोड्यांना गारवा, अशी आमच्या घरची व्यवस्था होती. जास्तीची खोली एकच. तिथेच टाकी आणि तिथेच सासूबाईंचा पलंग. “सोय चांगली केलीस माझी,” त्या म्हणाल्या, “घोड्यांच्या पागेत.”

त्या इचलकरंजीच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मी पुण्याची, मला ते ऐकायला फार आवडायचं. तीस वर्षं त्यांनी शिवणाचे क्लास घेतले होते, त्यामुळे आवाज चार यंत्रांच्या वर जाणारा. नवरा लवकर गेला. मुलगा एकुलता एक. त्याचं नाव हौसेनं संग्राम ठेवलं, आणि तो असा निघाला की हॉटेलात चुकीची भाजी आली तरी गुपचूप खाईल.

अडचण तीच होती. आम्ही पाच वर्षं मूल व्हावं म्हणून सगळे उपाय केले होते आणि त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आता थांबा म्हणून सांगितलं होतं. दोष कुणाकडे होता ते सांगत नाही. तो आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला होता. रडून झालं होतं. फक्त सासूबाईंना सांगायचं राहिलं होतं. फोनवर नको, समोर सांगू, असं संग्राम म्हणाला. समोर आल्या तर म्हणाला, प्रवासाचा शीण जाऊ दे. शीण गेला तर म्हणाला, आज एकादशी आहे, उपाशीपोटी नको. मला त्या मनापासून आवडायच्या, आणि हे कळलं की त्यांचं माझ्याशी असं हसणं-बोलणं संपलं, अशी माझी खात्री होती.

शिवाय रोज सकाळी, तिकडे पहाट असतानाच, इचलकरंजीहून फोन यायचा. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा. अक्कांना सांगितलेली बातमी दुपारपर्यंत सगळ्या पै-पाहुण्यांत पोचायची. सासूबाई फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरत बसायच्या, त्यामुळे प्रश्न मलाही ऐकू यायचा.

“मग? सुनेची काय खबर?”

“सून बरी आहे. घोड्याला दिवस गेलेत.”

अक्का खो-खो हसायच्या आणि विषय निघून जायचा. मी ओट्याशी उभी राहून उगाच नळ सोडायची.

भाऊसाहेबांचीही काळजी होतीच. ही त्यांची दुसरी खेप. पहिल्या खेपेची पिल्लं त्याच हिवाळ्यात झाली होती आणि आठवड्याभरात सगळी गेली होती. काचेवर चमकणाऱ्या उजेडाकडे ती झेपावायची, अन्नाऐवजी हवा गिळायची आणि बुडबुड्यासारखी वर तरंगत राहायची. खाली येऊन खाणं त्यांना जमायचंच नाही. ती तरंगताना बघण्यापलीकडे मी काही करू शकले नव्हते. त्या आठवड्यात मी कशाकशासाठी रडले ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. या वेळी पिल्लं जगायलाच हवी होती. घोड्यांपेक्षा मलाच त्याची गरज होती.

हे, म्हणजे फक्त पिल्लांपुरतं, मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी धंद्यातला प्रश्न विचारला, “मग काचेला काय लावायचं म्हणतात?”

“चारी बाजूंनी काळं. उजेड फक्त वरून यायला हवा.”

“काळं कापड दे.”

कापड नव्हतं. त्यांनी स्वतःचा काळा परकर उसवला, पिल्लांच्या छोट्या टाकीची मापं घेतली आणि संध्याकाळपर्यंत चुण्या घालून, नाडी ओवून असं झालर लावलेलं आवरण शिवलं की टाकी एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली.

“आई, झालर कशाला?”

“पोरांना बाहेरनं बघणारे आपण आहे की. आपल्याला नको बरं दिसायला?”

पिल्लांना खायला सूक्ष्म जिवंत कोळंबी लागते. तिची अंडी खारट पाण्याच्या बाटलीत, हवेचे बुडबुडे सोडून उबवायची. ते तंत्र त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मटकीला मोड आणायचे तसं.” पुढे बाटल्या त्यांच्याच ताब्यात गेल्या.

अशातच उल्काताईच्या सुनेचं डोहाळजेवण आलं. उल्काताई म्हणजे आमच्या गावातल्या मराठी मंडळींची न निवडलेली अध्यक्ष. बाई मनानं चांगली. मी आजारी असताना आठवडाभर डबा तिनंच पोचवला होता. पण रीत म्हणजे रीत. सून हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर बसली, गाणी झाली, आणि ओटी भरायची वेळ आली तशी उल्काताईनं कॅमेरा माझ्यापुढे केला. “शलाका, तुझा हात स्थिर आहे. फोटो तू काढ.”

ओटी लेकुरवाळ्या बायका भरतात. हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही, कॅमेरा पुढे करतात. मी तो घेतला आणि फोटो काढले. चांगले आले.

“काकू, या ना, तुम्ही भरा,” उल्काताईनं सासूबाईंना हाक मारली. विधवांना वगळायची रीत तिनं केव्हाच मोडली होती, लेकुरवाळीची तेवढी राहिली होती.

“गुडघा धरलाय माझा. बसतो मी.”

येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, दुसऱ्याच्या घरचं कोडकौतुक बघून त्यांना आपल्या घरचं रितेपण टोचलं असणार. संग्रामनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच ‘उद्या सांगतो’ म्हणाला.

पुढचे तीन-चार दिवस त्या गप्पगप्पच होत्या. खोलीचं दार लोटून टाकीसमोर बसायच्या. मग एका सकाळी नाश्त्याला बसताना जाहीर केलं, “रविवारी भाऊसाहेबांचं डोहाळजेवण करायचं.”

संग्रामचा पोह्यांचा घास हातातच राहिला. “आई, तो मासा आहे.”

“मासा असू दे. पोटुशी आहे का न्हाई?”

“आहे, पण...”

“मग? सगळ्यांना फोन कर. उल्काला पहिला.”

मी उठून आत गेले. मला तो सरळसरळ टोमणा वाटला. सुनेचं करायचं भाग्यात नाही, म्हणून घोड्याचं करतायत. संग्राम मागोमाग आला.

“टोमणा मारतायत मला,” मी म्हणाले. “तू वेळेवर सांगितलं असतंस तर हे झालं नसतं.”

“आईला टोमणे येत नाहीत गं,” तो म्हणाला. “ती थेट शिवी घालते.” ते खरं होतं, पण माझा राग गेला नाही.

रविवारी आमच्या त्या इवल्याशा घरात पंधरा-वीस बायका दाटीवाटीनं जमल्या. सासूबाईंनी मसालेभात, भजी आणि श्रीखंड-पुरीचा घाट घातला होता. भाऊसाहेबांना हिरवी साडी म्हणून टाकीत नवं हिरवं गवत लावून झालं होतं. मी एकच अट घातली होती, पाण्यात कुणी हात घालायचा नाही आणि हळदकुंकवाचा कणसुद्धा पाण्यात जाता कामा नये. सासूबाई दाराशीच प्रत्येकीला बजावत होत्या, “कुंकू काचेला लावा. पाण्यात बोट घातलं तर घोडा न्हाई चावत, मी चावतो.”

बायका हसत होत्या, पण एकेकीनं काचेसमोर वाकून बघितलं की तिचं हसू जरा वेगळं व्हायचं. भाऊसाहेबांचं पोट तोवर टरारून फुगलं होतं. ते गवताच्या काडीला शेपटीचा वेढा घालून, एक डोळा पुढे आणि एक डोळा मागे फिरवत, निर्विकार उभे होते. वहिनी थोड्या अंतरावर. कुणीतरी म्हणालं, “अगदी आमचे हे. फक्त पोटात काही नाही एवढंच.” मग गाणी सुरू झाली. सासूबाईंनी स्वतःच जुळवलेलं म्हटलं:

“तिसऱ्या आठवड्याला भाऊसाहेब सुस्तावले,
वहिनी पुसती धनी, काय खावंसं वाटले?”

पेढा की बर्फी, हा प्रश्न बाद करण्यात आला, कारण दोन्ही ढिगानं निघणार होती. शेवटी उल्काताई पदर सावरून उठली. “काकू, ओटीचं काय करायचं? नारळ तर आत जायचा नाही.”

“ह्याची ओटी जवळ्यानं भरायची,” सासूबाई म्हणाल्या. बर्फातला बारीक जवळा, घोड्यांचं रोजचं खाणं, त्यांनी चांदीच्या वाटीत काढून ठेवला होता. दोन शाकाहारी बायका मागे सरकल्या. उल्काताईनं मात्र हात पुढे केला. आजवर कुठल्याही ओटीला पहिला हात तिचाच असे.

सासूबाईंनी वाटी तिच्या हातावरून पुढे नेली आणि माझ्यासमोर धरली.

“पहिली ओटी शलाका भरंल.”

माझे हात बाजूलाच राहिले. उल्काताई हळू आवाजात, खरंच माझी अडचण होऊ नये म्हणून, म्हणाली, “काकू, पहिली ओटी... म्हणजे आपल्यात अशी रीत...”

“आपल्यात असंल,” सासूबाई म्हणाल्या. “घोड्यांच्यात न्हाई. ज्यांच्यात गडी पोटुशी राहतो तिथं तुमची-आमची रीत कशाला लावता? ह्यांना खायला कोण घालतं? आजारपणात उशाला कोण बसतं? मागली पोरं गेली तेव्हा कोण रडलं? तिनं भरायची. तिच्यामागनं मग सगळ्यांनी भरा.”

मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मी काचेच्या लांब नळीत थोडा जवळा घेतला आणि भाऊसाहेबांच्या तोंडाशी नेला. त्यांनी डोळा फिरवून नळीकडे बघितलं आणि टिचकी वाजल्यासारखा आवाज करून पहिला तुकडा ओढला. मग दुसरा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी हिरवळीतून निघून आल्या आणि तिसरा तुकडा त्यांनी मधल्यामध्ये पळवला, त्यावर तर घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. मागून उल्काताई आली, तिनं माझ्या हातातून नळी घेतली, आणि घेताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

सगळ्या गेल्यावर मी भांडी विसळत होते आणि सासूबाई पुसून ठेवत होत्या. संग्राम खुर्च्या परत द्यायला गेला होता. तो उद्यावर ढकलेल हे मला कळून चुकलं होतं. मीच बोलले.

“आई, एक सांगायचंय. आम्हाला...”

“ठाऊक आहे.”

“संग्रामनं सांगितलं?”

“तो काय सांगतोय! उल्काच्या घरी कळलं मला. तिनं कॅमेरा पुढं केला आणि तू चकार शब्द न काढता घेतलास. सवय असल्यागत. म्हटलं, असे किती कार्यक्रम ह्या पोरीनं काढले असतील. आणि तू न बोलता घेतीस म्हणजे आता वाट बघायचंबी सोडलंय.” त्यांनी ताट पुसून रॅकमध्ये ठेवलं. “गुडघा चांगला आहे माझा. पण ज्या ओटीला तुझा हात चालत न्हाई, तिला माझा कशाला पाहिजे?”

मी नळ बंद केला. “तुम्हाला वाईट वाटलं असेल.”

“वाटलं की. न्हाई कसं म्हणू? नातवंड पाहिजे होतं मला. चार दिवस त्या पागेत दार लोटून रडलो मी. वहिनींनी बघितलंय सगळं.” मग त्यांनी ओल्या फडक्यानंच माझं तोंड पुसलं, कारण मी एव्हाना हमसून रडत होते. “तू पण घे रडून. माझ्यापाशी रड. एकटीनं लई दिवस रडलीस.”

मी रडले. डॉक्टरांचं सगळं सांगितलं, टोमणा वाटला होता हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला टोमणे येत न्हाईत,” आणि उरलेलं श्रीखंड दोन वाट्यांत वाढलं.

त्याच आठवड्यात एका पहाटे त्यांनी आम्हाला हाका मारून उठवलं. भाऊसाहेब कंबरेत वाकून कळा देत होते, आणि प्रत्येक कळेबरोबर पिशवीच्या तोंडातून पिल्लांचा झुबका बाहेर उडत होता. पापणीच्या केसाएवढी, पण शेपूट, मान, तोंड सगळं जिथल्या तिथं. सासूबाई काचेपाशी उकिडव्या बसून, “हां, अजून एक जोर, भाऊसाहेब, झालंच आता,” असं सुइणीच्या थाटात सांगत होत्या. वहिनी पलीकडे शांतपणे नाश्ता करत होत्या. आम्ही पिल्लं पेल्यात धरून परकरवाल्या टाकीत सोडली. वर जाऊन तरंगलीच तर मी काय करणार होते, मला माहीत नव्हतं.

ती तरंगली नाहीत. म्हणजे काही तरंगली, काही गेलीही. पण बाकीची काळ्या कापडाआड, वरून येणाऱ्या उजेडात, आम्ही आत सोडलेल्या धाग्यांना शेपट्या गुंडाळून खात राहिली. मागच्या खेपेला टाकी रिकामी झाली होती तो दिवस आला आणि उलटून गेला. त्या दिवशी संग्रामनं कामावरून तीनदा फोन केला. आम्ही आळीपाळीनं खायला घालत होतो. संग्रामसुद्धा. पिल्लांना भरवताना तो हळू आवाजात त्यांच्याशी बोलायचा, आणि मी दारातून ऐकत उभी राहायची.

नंतरच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघंही पागेत होतो. सासूबाईंच्या हातात नळी होती, म्हणून फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर पलंगावर ठेवलेला. अक्का होत्या.

“मग? पोरं कशी आहेत घोड्याची?”

“जगली. पुष्कळ जगली.”

“बरं झालं बाई. आणि सुनेची काय खबर?”

संग्रामनं मान खाली घातली. मी सवयीनं दाराकडे वळले. सासूबाईंनी नळी पाण्यातून बाहेर काढली.

“अक्का, ऐक. संग्रामला आणि शलाकाला मूल होणार न्हाई. डॉक्टरनी सांगितलंय. दोघांनी सगळं करून बघितलं.”

मग अक्का बारीक आवाजात म्हणाल्या, “अगं बाई... कुणाच्यात दोष म्हणायचा?”

“ते इचारायचं न्हाई. तू न्हाई, आणि दुसऱ्या कुणीबी न्हाई. दुपारपर्यंत सगळ्यांना सांगून टाक, म्हणजे मला येगळे फोन करायला नकोत.”

संग्राम आईकडे बघत होता. आईला कळलंय हे मी त्याला डोहाळजेवणाच्या रात्रीच सांगितलं होतं, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झालेले मी आत्ता पाहिले.

“आणि तू गं?” अक्कांनी विचारलं. “तू कशी आहेस?”

“मी कामात आहे. पोरांची खायची वेळ झालीय. ठेवतो.”

त्यांनी कोपरानं फोन बंद केला, नळी पुन्हा पाण्यात घातली, आणि मान न वळवता म्हणाल्या, “शलाका, उभी काय राहिलीस? ह्या कोपऱ्यातली अजून उपाशी आहेत.”